शॉकअपचा चिमटा

साईनाथने सायकलचं पुढचं चाक धरणारे दोन चिमटे आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. एक साधा, सरळ आणि हलका. दुसऱ्याच्या पायांत स्प्रिंग होती. दाबला की खाली बसायचा आणि सोडला की वर यायचा.

"सांग ताई, साधाच ठेवू का शॉकअपवाला बसवू?"

समिधा उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती.

समिधा कडाव गावची. कर्जतच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर. काही वर्षांपूर्वी नदीच्या खडकाळ पात्रात एका क्लबने सायकलींची स्पर्धा भरवली, तेव्हा दवाखान्याने तिला मलमपट्टीसाठी पाठवलं होतं. तिथे तिने ती बुटकी, बिनसीटची सायकल पहिल्यांदा पाहिली. एक मुलगी पाय न टेकता या खडकावरून त्या खडकावर उड्या मारत होती आणि मधेच, दोन्ही पाय पेडलवर ठेवून, जागच्या जागी उभी राहत होती. जेवणाच्या सुट्टीत समिधाने ती सायकल मागून घेतली आणि लगेच पडली. पुढच्या वर्षी तिने स्वतःसाठी एक जुनी सायकल घेतली.

सिस्टर दगडावर सायकल नाचवते, म्हणून गावात लोक हसले. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. वॉर्डात सगळा दिवस कुणी ना कुणी तिला हाक मारत असे. खडकावर तोल सांभाळून उभं असताना कुणी हाक मारत नसे, आणि मारली असती तरी तिला ऐकू आली नसती. गेल्या हिवाळ्यात त्याच स्पर्धेत ती मोठ्या गटात तिसरी आली. यंदा तिला पहिलं यायचं होतं.

पण गेल्या महिन्यात धाऊबाबा नावाच्या म्हाताऱ्याला सलाईन लावताना सुई कुठवर गेली ते तिच्या बोटांना कळलंच नाही. शीर फुटली, हात टम्म सुजला.

"असू दे गं पोरी, पुन्यांदा टोच," धाऊबाबा म्हणाले. तिने दुसऱ्या सिस्टरला बोलावलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट तपासलं. आतली नस दबतेय, म्हणाले. खडकावर आपटणं थांबवा, निदान धक्के तरी कमी करा.

"धक्का हा खाईल," साईनाथ शॉकअपच्या चिमट्यावर हात ठेवून म्हणाला. "पन तुजी उडीबी खाईल. चाक उचलाया तू जोर लावशील, तो आधी स्प्रिंगात जाईल. खोटं कशाला सांगू?"

घरी तिने आईला विचारलं. आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. वर्षानुवर्षं चिखलात भात लावून त्यांची बोटं वाकडी झाली होती.

"माजं हात भातात गेलं," त्या म्हणाल्या. "मला कुनी इचारलं नाय. तुला इचारतायत तर नीट इचार करून सांग."

रविवारी सकाळी ती आणि साईनाथ नदीवर गेले. साईनाथने दोन्ही चिमटे आणि नट खोलायचे पाने बरोबर घेतले होते. आधी साध्या चिमट्यावर. समिधाने कमरेएवढ्या खडकासमोर सायकल स्थिर केली, मागच्या चाकावर दोनदा उसळली आणि वर गेली. चाक नेमकं तिला हवं तिथे टेकलं. खाली उतरताना मनगटातून कळ गेली. मग बराच वेळ तिला हेल्मेटचा पट्टा सुटेना. शेवटी साईनाथने सोडवला.

मग त्याने चिमटा बदलला. आता हात शांत होता, पण उडीच्या आधी पुढचा भाग खाली बसायचा आणि चाक खडकाच्या तोंडावर आदळायचं. ती पडली, उठली, पुन्हा पडली.

"सवय होईल," साईनाथ म्हणाला.

"कमरेएवढ्याची?"

त्याने खडकाकडे पाहिलं. "नाय. गुडघ्याएवढ्याची होईल."

ती पाण्याजवळ जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठली.

"हाच राहू दे."

"आन् स्पर्धा?"

"लहान गटात नाव दे माजं. तिथलं खडक गुडघ्याएवढंच असतात."

"ताई, तिथं समदी शाळेतली पोरं असतात गं."

"वयाची अट हाय का?"

"अट नाय," साईनाथ म्हणाला आणि पाने पिशवीत भरू लागला.

स्पर्धेच्या दिवशी सगळी गर्दी मोठ्या गटाच्या खडकाकडे होती. लहान गटाकडे आयाबाप तेवढे, डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. रांगेत समिधाच्या पुढे आरोही नावाची मुलगी होती, तिच्या कोपरापर्यंत येणारी. तिने मागे वळून समिधाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मावशी, तुमचं कोन हाय स्पर्धेत?"

"मीच हाय."

आरोहीने क्षणभर विचार केला. मग आपली सायकल थोडी पुढे घेतली आणि म्हणाली, "मग या ना, माज्या मागं सावली हाय."

समिधा सायकल घेऊन सावलीत उभी राहिली.