समजा बाई

"खरी टाकी बघायची! चला रे!" सातवीची मुलं वह्या बाकांवर टाकून पळाली आणि गणिताच्या बाई हातात खडू धरून रिकाम्या वर्गात उरल्या.

सव्वीस वर्षं त्यांनी टाकी फळ्यावरच भरली, फळ्यावरच रिकामी केली. "समजाऽऽ, एका टाकीला दोन नळ आहेत..." शेवटचं अक्षर लांबवायची त्यांची खोड. मुलांनी नावच पाडलं होतं, समजा बाई. आता विज्ञानाला नवी मॅडम आली होती आणि मुख्याध्यापकांचं फर्मान निघालं होतं: दोघींनी मिळून तास घ्या, मुलांना खऱ्या अडचणी सोडवू द्या. पहिली अडचण म्हणजे शाळेची टाकी. संध्याकाळी काठोकाठ भरायची आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोरडी ठाक.

मिळून म्हणे! पोरं तिच्या मागे आणि खडू आपल्या हातात.

बाई मागच्या अंगणात गेल्या. ओढणी कमरेला खोचून मॅडम गळक्या नळाखाली मोजपात्र धरून बसली होती. भोवती पोरांचा गराडा.

"या ना ताई!"

ताई! बाईंना ते वयासकट झोंबलं.

"मॅडम, दर मिनिटाला वेगळंच येतंय," एकजण कुरकुरला. "एकशे ऐंशी, दोनशे तीस, एकशे नव्वद."

"पुन्हा मोजू," मॅडम म्हणाली. आवाज पडला होता.

बरी जिरली! बाई हाताची घडी घालून गंमत बघत राहिल्या. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. तास संपायला सात मिनिटं. सात मिनिटं गप्प बसलं की झालं.

तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी वळली. "बाई, तुम्ही नेहमी म्हणता तसं... समजाऽऽ, सारखंच गळतं, तर?"

सगळी फिसकन हसली. मॅडम हसली नाही. "पण सारखं म्हणजे किती धरायचं, ताई? मला नाही सुचत."

बाईंचा खडूचा हात आपसूक भिंतीकडे गेला. "मिळवा. तिनाने भागा. समजाऽऽ, मिनिटाला दोनशे मिली. तासाला बारा लिटर. शाळा पंधरा तास बंद..."

"एकशे ऐंशी लिटर!" पोरं ओरडली.

सोमवारी नळ बदलला. सूचनाफलकावर मॅडमचं अभिनंदन लागलं, एकटीचं. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि तासावर गेल्या.

फळ्याकडे वळल्या, तोच शेजारच्या वर्गातून मॅडमचा आवाज आला: "समजा, एका दिव्याला..."

बाईंचा खडू थांबला. आता हेही गेलं.

त्यांनी कान दिला. 'जा' फारच आखूड होता. अजून जरा लांबवायला हवा.