पुष्पाबाईंच्या मोबाईलवर आलेली बातमी

आदिनाथचं कॅनडातलं वर्क परमिट नाकारलं गेलं, ही बातमी तीर्थपुरीच्या घरात माझ्यातूनच आली. मी पुष्पाबाईंचा मोबाईल, मित्रांनो. त्यांना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी त्यांच्या मालकांच्या, म्हणजे पुंजारामांच्या, सदऱ्याच्या खिशात होतो.

"आबा, न्हाई म्हणले," एवढंच आदिनाथ बोलला.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो, ते मला आठवत नाही. शिकायला परदेशी जाण्याआधी आदिनाथने मला जालन्याच्या दुकानातून आणलं आणि आईच्या हातात दिलं. पुष्पाबाईंची बोटं कणकेने माखलेली असत, म्हणून त्या मला आधी पदराने पुसत. आल्यागेल्याला सांगत, "ह्याच्यात माझा आदि राह्यतो." एकदा ओट्यावरून पडून माझी काच तडकली, तर त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

आईचं शेवटचं तोंड आदिनाथने माझ्यातच पाहिलं. परमिटचा अर्ज तिकडच्या कचेरीत पडून होता. तेव्हा निघालो तर परत घेतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती. त्यानंतर पुंजारामांनी मला बंद करून कपाटात ठेवलं. शेजारची भावना एक दिवस निरोप घेऊन आली, "काका, आदि रडून राह्यला, फोन चालू करा." तेव्हा मी बाहेर आलो.

परमिट नाकारलं ते तारखेमुळे. पासपोर्टवर आणि शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जूनचा. तिकडच्या लोकांनी जन्माचा पुरावा मागितला, म्हणून पुंजारामांनी ग्रामपंचायतीतून दाखला काढून पाठवला. त्यावर तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, खरी. तिकडे वाटलं, दोन्हींतलं एक खोटं आहे.

"महिनाअखेर व्हिसा संपतोय, आबा. पुन्हा अर्ज करता येतो, पण उत्तर येईस्तोवर काम करायचं न्हाई. न्हाईतर पाहुणा म्हणून थोडं थांबायचं. न्हाईतर परत यायचं."

"आन् चौथं काही हाय का?"

"चौथं मच्छिंद्रभाऊ सांगतील."

मच्छिंद्र जालन्यात परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून देतो. त्याचा फोन लगेच आला. "काका, गावात पोराच्या जिवाला धोका हाय, असं लिहून द्या. त्यावर तिकडं आसरा मागता येतो, मंग त्याला तिथून कोणी हलवत न्हाई. बिलकुल काळजी करू नका."

"धोका कोणाकडून?"

"भावकीतलं कोणाचं बी नाव घाला."

"भावकीनं आदिच्या आईला खांदा दिला, मच्छिंद्र."

"त्यांना कोण सांगायला जातंय?"

पुंजारामांनी फोन कापला. मग त्यांनी आदिनाथला लावला.

"तुला इथं कोणी मारलं का रे?"

"न्हाई," आदिनाथ म्हणाला. "पण आबा, महिना संपल्यावर मी इथं कोण?"

सकाळी पुंजाराम मला घेऊन बदनापूरला गेले. आदिनाथला पहिलीत घालणारे तातेराव गुरुजी आता तिथे राहतात.

"गुरुजी, माझा आदि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. एक जून कुठून आली?"

गुरुजी हसले. "माझ्याकडून. तुमचा एकटाच न्हाई, आख्खा वर्ग एक जूनला जन्मला. माझी स्वतःची बी तीच हाय, आमच्या गुरुजींनी दिलेली."

पुंजारामांनी पुढचं सांगितलं, तसं गुरुजींचं हसू गेलं. "लिहून देतो. वकिलासमोर सही करतो. तिकडचे मानतील का?"

"म्हाईत न्हाई."

मित्रांनो, आता माझी बॅटरी टिकत नाही. पुंजाराम मला उशाशी चार्जिंगला लावून ठेवतात. तुम्ही आम्हाला पाण्यापासून जपता, कव्हर घालता, ते चांगलंच आहे. पण घरून फोन आला तर तो उचला, आणि कोणी गेल्याच्या दुःखात आम्हाला कपाटात कोंडू नका. पलीकडे कोणीतरी एकटं असतं.

काल आदिनाथने विचारलं, "आबा, काय करू?" पुंजाराम म्हणाले, "खरं लिही, मंग बघू."

गुरुजींची सही अजून व्हायची आहे. अर्ज अजून गेलेला नाही. आणि 'घरी ये' हे पुंजारामांनी त्याला अजून म्हटलेलं नाही.