झाकण राहिलं

बायकोनं चारचौघांत केलेली चूक गावभर सांगत फिरणारा नवरा मी नव्हे. पण हेमावतीची ही चूक मी कचेरीत सांगितली आहे, देवळाच्या पायऱ्यांवर सांगितली आहे, अगदी न्हाव्यापुढे मान वाकवूनसुद्धा सांगितली आहे. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, हा बायकोची टिंगल करतोय. मी त्याला शेवटपर्यंत ऐकायला लावतो.

हेमावतीचे वडील अक्कलकोटचे फोटोग्राफर. मुलगा नव्हता, म्हणून तिपाई धरायला मुलगी. तिपाई धरता धरता ती फोटो काढायलाच शिकली. परक्या पुरुषापुढे बसायला बायका लाजायच्या. त्यांच्या माजघरात जाऊन हीच फोटो काढायची. आमच्या लग्नात सासऱ्यांनी भांड्यांबरोबर तिला एक कॅमेराही दिला. मी तेव्हा सोलापुरात गिरणीच्या कचेरीत नवा कारकून. डोक्यावर नवी टोपी आणि टोपीखाली नको तेवढा ताठा. कारकुनाच्या बायकोनं कॅमेऱ्याची पेटी घेऊन पेठापेठांतून हिंडायचं नाही, असं मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. कॅमेरा जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत गेला आणि अकरा वर्षं तिथंच राहिला. आज मला त्याची लाज वाटते.

चौतीस सालच्या मार्गशीर्षात, एका रविवारी सकाळी, बाळीवेशीतली पार्वतम्मा धापा टाकत आमच्या दारात आली. तिच्या शेजारचा सिद्धलिंगप्पा, तेलाचा दुकानदार, वय अवघं अठ्ठावीस, नऊ दिवसांच्या तापात पहाटे गेला होता. मागं बायको नीलम्मा आणि पाच महिन्यांची मुलगी. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, नेतात. त्याआधी जमलं तर फोटो काढून घेतात. सिद्धलिंगप्पाचा जिवंतपणी एकही फोटो निघाला नव्हता. ओळखीचा फोटोग्राफर रेल्वेच्या साहेबलोकांचा फोटो काढायला कुर्डुवाडीला गेलेला. त्याच्या बायकोनं काचेच्या प्लेटांचा एक नवा डबा तेवढा दिला होता. पार्वतम्माचं माहेर अक्कलकोटचं. तिच्या लग्नातला फोटो हेमावतीनंच काढला होता, म्हणून ती डबा घेऊन आमच्याकडे धावली.

"हेमक्का," ती म्हणाली, "पोरगी मोटी झाली की बापाचं तोंड कुटं बगंल?"

हेमावतीनं माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे पाहवेना. मी उठलो आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

ती कोठीच्या खोलीत शिरली, मी बाहेरून दाराच्या फटींत वाकळा कोंबल्या. आत मिट्ट काळोखात तिनं लाकडी चपट्या पेटीत प्लेट बसवली. फोटो उमटतो ती मसाल्याची बाजू कुठली हे अंधारात कसं कळलं, म्हणून मी विचारलं. काचेचा कोपरा ओठाला टेकवायचा, चिकटला की ती मसाल्याची, असं तिनं सांगितलं. अकरा वर्षांनी हे तिच्या ओठांना आठवत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता काळजी नाही.

सिद्धलिंगप्पाच्या घरी साठेक माणसं दाटली होती. विमान दारात सजून उभं, विधी करणारे स्वामी घाई करत होते, सिद्धलिंगप्पाचे थोरले चुलते सगळ्यांवर ओरडत होते. सिद्धलिंगप्पा सोप्यात भिंतीशी बसला होता, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. हेमावतीनं तिपाई मांडली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आत वाकली. बराच वेळ झाला. मग कापडाआडून आवाज आला, काही दिसत नाही, उजेड कमी पडतोय. दोघांनी दाराचा पडदा उतरवला. तरी दिसेना. एकानं खिडकीतली पोती हलवली. तरी दिसेना. शेवटी एक जण धाब्यावर चढला आणि सवण्यावरची, म्हणजे उजेडाच्या भोकावरची, फरशी सरकवून त्यानं छतातून उन्हाचा झोत आत सोडला. तोही पुरेना, तेव्हा मी पुढून पाहिलं. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पितळी टोपण तसंच होतं.

मी तिच्या कानाशी पुटपुटलो. तिनं टोपण काढलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागं कुणीतरी खाकरलं, आणि मला विमानाखाली लपावंसं वाटलं.

आता चित्र दिसलं. टोपण परत लावून तिनं प्लेटची पेटी कॅमेऱ्याच्या पाठीत बसवली, टोपण काढलं आणि वडिलांसारखं कानडीत मोजायला लागली. ओंदु, एरडु, मूरु. हन्नेरडु म्हणताच, म्हणजे बारा झाल्यावर, टोपण परत लावलं. सगळ्यांनी श्वास सोडला. चुलते म्हणाले, उचला. चार जण पुढं होऊन वाकले.

या पेटीला एक सरकतं झाकण असतं. पेटी कॅमेऱ्यात बसवली की ते ओढून काढायचं, तरच काचेला समोरचं दिसतं. फोटो झाला की परत सरकवायचं. हेमावतीचा हात ते सरकवायला गेला आणि थबकला. झाकण जागच्या जागी होतं. ते तिनं ओढलंच नव्हतं. सहा वर्षांची असताना जे तिचं झोपेतही चुकलं नसतं, ते चुकलं होतं.

मला सगळं कळलं. मी हळूच म्हणालो, गप्प राहा. उद्या सांगू, प्लेट तडकली. फोटोवाले असंच सांगतात, कुणी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं कारकुनी तत्त्व. त्यावर मी अकरा वर्षं नोकरी टिकवली होती.

तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साठ माणसांसमोर ताठ उभी राहून म्हणाली, "थांबा. मी चुकले. झाकण काढायचं राहिलं. फोटो निघालाच नाही. परत काढायला लागंल."

मग जे व्हायचं ते झालं. चुलते भडकले. बाईमाणसाच्या हाती असलं काम दिलंच कुणी, असं त्यांनी पार्वतम्माला विचारलं, मग मला विचारलं. स्वामी म्हणाले, वेळ टळत चालली. हेमावती सगळं ऐकत उभी होती. अकरा वर्षांत हात लावला नव्हता, असं ती म्हणू शकली असती. का लावला नव्हता, तेही सांगू शकली असती, आणि ज्याच्यामुळे लावला नव्हता तो दोन हातांवर उभा होता. ती अक्षर बोलली नाही. मला तिच्याबद्दल असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

नीलम्मा कोपऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पहाटेपासून ती रडली नव्हती की कुणाशी बोलली नव्हती. तिनं मान वर केली.

"बसू द्या की त्येंना आनी जरा," ती म्हणाली. "मला कसलीबी गडबड न्हाय."

वाकलेले चौघे मागं सरले. चुलत्यांनी पाठ फिरवून उपरण्यानं डोळे टिपले. पार्वतम्मानं सरकलेला हार नीट केला.

हेमावतीनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती एकेका वस्तूला हात लावून पुटपुटत होती, टोपण, पेटी, झाकण. झाकण ओढून तिनं ते माझ्या हातात दिलं आणि धरा म्हणाली. मग टोपण काढलं. ओंदु, एरडु. नीलम्मा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, डोळ्याचं पातं न लववता. हन्नेरडु झालं. हेमावती थांबली नाही. हदिमूरु, हदिनाल्कु. मला वाटलं, झाली तिसरी चूक, पण मला बोलायचं धाडस झालं नाही. वीस झाल्यावर तिनं टोपण लावलं, माझ्या हातातलं झाकण घेऊन सरकवलं आणि म्हणाली, न्या आता.

परतताना तिपाई माझ्या खांद्यावर होती. पेठेतली ओळखीची माणसं पाहत होती. पाहू देत म्हटलं. वाटेत मी विचारलं, पहिल्यांदा बारा मोजलेस, मग वीस का? उजेड कमी झाला होता का?

"उजेड होता तेवढाच होता," ती म्हणाली. "बारा पुरले असते. काच जरा जास्त काळी होईल, ती मी धुताना सांभाळून घेईन. पण टोपण लावलं की ते त्याला उचलणार होते. वरचे आठ मी नीलम्मासाठी मोजले."