खेकडीच्या रक्ताचा थेंब

"ज्याला आठवण नाही, तोच या जगात खरा स्वतंत्र," असं धाकट्या भाऊजींनी हौदाच्या काठाशी उभं राहून जाहीर केलं. मग आपला चष्मा कुठे ठेवला ते त्यांना आठवेना. म्हणजे त्या घटकेला तेही बऱ्यापैकी स्वतंत्र होते.

"डोक्यावर आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी खेकड्यांचे डॉक्टर. संशोधन संस्थेत त्यांची वीस वर्षं गेली होती, तरी नात्यातलं कुणी ना कुणी अजूनही त्यांना आपली कंबर दाखवायचं. वहिनी खेकड्यांची पैदास करायच्या. लांबट शेड, पत्र्याखाली बारा हौद आणि प्रत्येकात एकेकटी मादी, कारण दोघींना एकत्र ठेवलं की संध्याकाळी एकच उरते. दुपारचं ऊन पाण्यावर पडून छताला हलत राहायचं. हवेच्या नळ्या बुडबुडत असायच्या. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की आपणच पाण्याखाली आहोत आणि वरून छप्पर वाहत चाललंय असं वाटू लागे. त्याबद्दल तक्रार करावीशीही वाटत नसे.

आज मात्र वहिनींचं छताकडे लक्ष नव्हतं. शेजारच्या तळ्यातले खेकडे आठवड्याभरात साफ मेले होते, आणि इकडे चौथ्या हौदातली मोठी मादी दोन दिवस सुस्त पडून होती. तिच्या पोटाखाली लाखो अंड्यांचा घोस होता. नारिंगीचा काळपट झालेला, म्हणजे उद्या-परवा पिल्लं सुटणार. अशी दणकट मादी वहिनींना चार वर्षांत मिळाली नव्हती. तिचं रक्त मिनिटभरात गोठलं, तर ठीक. नाही गोठलं, तर साथ आली असं धरून संध्याकाळच्या आत हौदात क्लोरीन ओतायचं, मादी आणि अंड्यांसकट. हा नियम भाऊजींनीच लिहिला होता आणि वहिनींनी तो भिंतीवर चिकटवला होता.

"आठवण नाही म्हणजे नक्की काय हो?" मादीला ओल्या फडक्यात गुंडाळत वहिनींनी विचारलं.

"आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवतं. हिच्यापाशी तशी वही नाही. आलेला प्रत्येक जंतू हिला नवाच."

"अगदी तुमच्या भावासारखं. रोज सकाळी साखरेचा डबा नव्याने शोधतात."

"पण सापडतो ना? तसंच हिचं. हिचे पहारेकरी जन्मापासून तयार असतात. नाव-गाव विचारत नाहीत, नुसता अंगरखा चाचपतात. कापड परकं लागलं की धरलाच."

"डबा सापडत नाही. मी देते."

भाऊजींनी पेटीतली सिरिंज उचलली, मागच्या पायाच्या सांध्यात सुई घातली आणि काचेच्या पट्टीवर एक थेंब सोडला. घड्याळ लावलं.

थेंब आधी पाण्यासारखा होता. हवा लागली तसा निळसर झाला. वहिनी त्यात बघत राहिल्या आणि बघता बघता आत उतरल्या. आत एक निळं गाव होतं. गल्ल्यांना भिंती नव्हत्या, सगळीकडे संथ पाणी. पहारेकरी तरंगत होते. रोजच्या खाण्यात यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या, मेलेल्या पेशींची सालं मिसळून वहिनींनीच त्यांना जागं ठेवलं होतं. साल हाताला लागलं की त्यांना वाटे, कुणीतरी आलं. एकाने वहिनींची बाही चाचपली, "घरचंच आहे" असं पुटपुटला आणि पुढे गेला. कुठे भगदाड पडलं की सगळे तिकडे लोटत, एकमेकांना बिलगत आणि स्वतःच भिंत होऊन बसत. मग तुम्ही घरी कधी जाता, असं वहिनी विचारणार होत्या.

"तीन मिनिटं झाली," भाऊजी म्हणाले. त्यांनी पट्टी तिरकी केली. थेंब सरळ ओघळून गेला.

नियम भिंतीवर होता. दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

"वहिनी, मी आणतो क्लोरीनचा डबा. तुम्ही बाहेर जा."

"बाहेर कशाला? हिला मीच आणलंय."

वहिनींनी मादीला फडक्यातून सोडवलं. उगाच, निरोप म्हणून, तिच्या मागच्या पायावरून बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं.

"भाऊजी, सुई इथेच घातली होती ना?"

"हो."

"मग इथे तर जेली धरलीय. भोक बुजलंसुद्धा. हिला काय दोन रक्तं आहेत? एक स्वतःसाठी आणि एक तुमच्यासाठी?"

भाऊजी वाकले. मग सरळ झाले. मग पेटीकडे गेले आणि बराच वेळ पेटीशीच राहिले.

"काय झालं?"

"तीन आठवडे मी रक्तातल्या पेशी मोजतोय," ते पेटीलाच सांगत असावेत. "त्यासाठी रक्त पातळ राहावं लागतं. सिरिंजमध्ये आधीच औषध भरून ठेवतो, रक्त गोठू नये म्हणून. आज सकाळीही भरलं. हाताला सवय."

"म्हणजे गोठू नये याची सोय करून, गोठत का नाही ते बघत होतो आपण?"

"शास्त्रीय भाषेत तसंच."

दुसरी सिरिंज कोरडी होती. वहिनींनी ती स्वतः उजेडात धरून पाहिली. दुसरा थेंब काचेवर पडला, निळसर झाला. तीस. पस्तीस. चाळिसाव्या सेकंदाला भाऊजींनी पट्टी उभी केली. थेंब जागचा हलला नाही. वहिनींनी त्याला सुईच्या टोकाने ढोसलं, तर तो जेलीसारखा नुसता थरथरला.

"म्हणजे वाचली?"

"आज क्लोरीन नाही. नमुना संस्थेत नेतो, परवा पक्कं कळेल. तोवर हिला नव्या पाण्यात वेगळी ठेवायची." मादी कोपऱ्यातल्या रिकाम्या टाकीत गेली. पोटाखालचा घोस हळूच उलगडला, झुलू लागला.

छताचा उजेड भाऊजींच्या चष्म्यात हलत होता. "वहिनी, कोट्यवधी वर्षं हा जीव एका वहीशिवाय जगत आलाय. प्रत्येक संकट पहिलंच समजून! माणसाने यातून काय घ्यावं, असा विचार केला तर..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तेवढा पाय उचला. तिच्या हवेच्या नळीवर उभे आहात."