ब्रश घरून आणावा

शाळा उघडून दोन आठवडे होत नाहीत तोच नव्या मोठ्या बाईंनी कागदमावशींच्या वर्मावर बोट ठेवलं.

कागदमावशी म्हणजे ऑफिसातल्या कारकून. वय चौपन्न, चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध टेबलावर. गेली एकोणीस वर्षं दर गुरुवारी त्या एक पिवळा कागद काढत आल्या होत्या. दोनशे बारा मुलं, दोनशे बारा कागद, शाळा सुटताना प्रत्येकाच्या दप्तरात एक. पुढच्या आठवड्यात काय आहे, कोणत्या वर्गाला कधी खेळाचे बूट लागतील, डाव्या पायाचा एक बूट ऑफिसात पडून आहे तो कुणाचा, असं सगळं त्यात असे. अगदी तळाशी असे ‘या आठवड्यात पडलेले दात’. पहिलीत चार, दुसरीत सहा. हा आकडा मावशी स्वतः वर्गावर्गात जाऊन, मुलांना तोंडं उघडायला लावून आणत. त्यांचा नियम एकच होता. ज्याला कागदात काही छापायचंय त्याने बुधवारी दुपारी बाराच्या आत मजकूर द्यायचा. बारानंतर साक्षात शिक्षणखात्याचे साहेब आले असते, तरी मावशींनी त्यांना पुढच्या आठवड्यावर टाकलं असतं.

“मावशी, एक विचारू?” मोठ्या बाई म्हणाल्या. “हे वाचतं कोण?”

“आईवडील वाचतात.”

“तुम्ही पाहिलंय?”

मावशी चष्मा पुसू लागल्या. पाहणार कसं? लोकांच्या खिडकीत डोकावून? एकोणीस वर्षांत एकाही माणसाने ऑफिसात येऊन ‘कागद छान असतो हं’ म्हटलं नव्हतं. फाटकापाशी चुरगळून पडलेले पिवळे बोळे मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने उचलले होते.

मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. चाळिशीही न गाठलेली, कामाला वाघ असलेली बाई. आल्या दिवसापासून त्यांच्यामागे पहिलीच्या वर्गाची कटकट लागली होती. सुट्टीत त्या खोलीचं प्लास्टर नव्याने केलं होतं, रंगाचे डबे कोठीच्या खोलीत येऊन पडले होते, पण रंगवायला माणसं काही येत नव्हती. ठेकेदाराला तीन पत्रं लिहून झाली, पालथ्या घड्यावर पाणी. पहिलीची छत्तीस पोरं सभागृहात बसत होती आणि तिथेच वरच्या वर्गांचा गाण्याचा तास सुरू झाला की तीही गात होती.

“फोनवर टाकलं की एका क्षणात सगळ्यांना मिळतं,” बाई म्हणाल्या. “या आठवड्याचा काढा. तो शेवटचा. मग तुम्हीही सुटाल.”

सुटाल म्हणे. मावशी ऑफिसात जाऊन बसल्या आणि बराच वेळ स्टेपलर उघडझाप करत राहिल्या.

आता मावशींच्या कामाची एक रीत होती. त्या कधी कोऱ्या पानावर लिहीत नसत. शाळेचं वर्ष दरवेळी त्याच वाटेने जातं, मग नवं कशाला मांडायचं? गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा कागद संगणकावर उघडायचा आणि जुनं खोडत खोडत नवं भरायचं. या रीतीने एकोणीस वर्षांत एक चूक झाली नव्हती, कारण मावशी डोळ्यांत तेल घालून वाचत. पण त्या बुधवारी डोळ्यांत तेलाऐवजी पाणी होतं. शेवटचा कागद, तो देखणा व्हावा म्हणून त्यांनी वरची चौकट बदलली, अक्षर मोठं केलं, पहिलीचा वर्ग तूर्तास सभागृहात का भरतो ते नीट समजावून लिहिलं. गुरुवारी कागद दप्तरांत गेले.

शुक्रवारी दुपारी एक प्रत फाइलला लावताना त्यांनी सहज नजर फिरवली आणि ती मध्येच अडकली. मधोमध, ठसठशीत अक्षरात, गेल्या वर्षीची सूचना जशीच्या तशी बसली होती: ‘शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेचे कुंपण रंगवायचे आहे. पालकांनी यावे. रंग शाळेत आहे. ब्रश घरून आणावा. जुने कपडे घालावेत.’

कुंपण तर गेल्या वर्षीच हिरवंगार झालं होतं, आणि तेही पालकांशिवाय. तेव्हा आदल्याच दिवशी ठेकेदाराची माणसं अचानक येऊन रंगवून गेली होती, आणि ‘उद्या येऊ नका’ असा निरोप मुलांबरोबर तोंडी धाडावा लागला होता.

मावशी कागद घेऊन तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. चूक लपवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

बाईंनी ओळ वाचली आणि त्यांना हसू आलं. “मावशी, एवढ्या घाबरताय कशाला? कोणी येणार नाही.”

“फोनवर दुरुस्ती टाकता का? म्हणजे कुणाला हेलपाटा नको.”

“ज्यांनी चूक वाचलीच नाही त्यांना दुरुस्ती काय पाठवायची? उगाच गोंधळ होईल.” मग बाईंना जरा गंमत सुचली. “असं करू. उद्या दहा माणसं जरी ब्रश घेऊन आली ना, तरी तुमचा कागद चालू. आणि मी स्वतः ब्रश धरीन.”

“मी ऐकलंय हं, बाई,” दारातून आवाज आला. शिपाईमामा चहा घेऊन उभे होते.

घरी आल्यावर मावशींनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसचालक. बोलणं कमी, पण बोलला तर थांब्यावर नेमका थांबणारा.

“झाकली मूठ होती ती बरी होती,” मावशी म्हणाल्या. “उद्या कोणी आलं नाही तर एकोणीस वर्षं मी भिंतीशी बोलत होते असं होईल. आणि आलं तर लोकांना फुकट उठवलं म्हणून तोंड कुठं लपवू? अहो, खरं सांगू? तरी मला वाटतंय त्यांनी यावं.”

“अगं, बस चालवली असतीस तर तुला कळलं असतं. थांब्यावरचा माणूस ‘काय छान चालवता’ असं कधी म्हणत नाही. एक दिवस बस जाऊ दे चुकून, मग बघ.” त्याने माळ्यावर हात घालून एक जुना ब्रश काढला. “मी येतो.”

“तुम्ही मोजणीत नाही,” मावशी म्हणाल्या.

शनिवारी पावणेआठला त्या फाटकात उभ्या होत्या. शेजारी शिपाईमामा आणि किल्ल्यांचा जुडगा. आलेल्या प्रत्येकाची माफी मागायची, हे त्यांनी वाटेत तीनदा घोकलं होतं. आठला दहा मिनिटं होती, रस्त्यावर कोणी नाही. आठला पाच, एक कुत्रं आलं आणि मामांकडे बघून गेलं. नवरा ब्रश पाठीमागे लपवून पलीकडच्या फुटपाथवर उभा होता.

आठच्या ठोक्याला कोपऱ्यावरून एक आजोबा आले. एका हाताला दुसरीतली नात, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन ब्रश. मावशींचा ऊर एकदम भरून आला. एक तरी. त्या माफीचं पहिलं वाक्य जुळवत होत्या तेवढ्यात आजोबांच्या मागून आणखी चौघं वळली. मग एक अख्खं कुटुंब, बापाच्या विजारीला गुडघ्यावर ठिगळ. रात्रपाळी संपवून थेट आलेली एक परिचारिका, अंगावर नवऱ्याचा ढगळ शर्ट. दोन भाऊ शिडी खांद्यावर घेऊन आले. कोणाकडे रोलर, कोणाकडे बादली, एका आजीकडे दाढीचा ब्रश, कारण घरात तेवढाच होता. सगळ्यांचे कपडे जुने. कागदात तसं लिहिलंच होतं. मावशी मोजत होत्या, बेचाळीसपर्यंत आकडा नीट लागला, पुढे डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. पुढची मोजदाद शिपाईमामांनी केली. मुलं सोडून सत्तर माणसं होती, आणि बसचालक धरून एकाहत्तर.

मोठ्या बाई सव्वाआठला स्कूटरवरून आल्या. गर्दी बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “काय झालं? कुणाला लागलंय का?”

“नाही बाई,” मामा म्हणाले. “ब्रश घेऊन आलेत.”

मावशी पायरीवर चढल्या. “माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “कुंपणाची सूचना गेल्या वर्षीची आहे. काढायची राहिली. तुम्हाला उगाच त्रास झाला. मला माफ करा.”

मग ढगळ शर्टातल्या परिचारिकेने हातातला ब्रश वर केला. त्याचं प्लास्टिकचं वेष्टणही निघालं नव्हतं. “म्हणजे यंदापण नाही? गेल्या वर्षी तुमच्या कागदावरून नवाकोरा घेतला, तर ऐन वेळी नको म्हणालात. वर्षभर हा असाच पडलाय हो.”

हशा उसळला. त्यात आजोबा पुढे आले. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेलेला माणूस, आता नातीला शाळेत पोचवणं एवढीच नोकरी. “कुंपण बरं आहे, ते मला रोज दिसतं,” ते म्हणाले. “पण म्हटलं, मावशींनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार. त्या उगाच लिहीत नाहीत. नात दर गुरुवारी वाचून दाखवते मला, दातांपर्यंत सगळं. त्यातच होतं ना, पहिलीची खोली रंगवायची राहिलीय म्हणून पोरं सभागृहात बसतात? मग तिथंच लावू की हात.”

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रंगाचे आठ डबे कोठीत, सत्तर ब्रश फाटकात, आणि त्यांची चौथ्या पत्राची तयारी चाललेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

“मामा,” त्या म्हणाल्या, “कोठीची किल्ली द्या.” आणि पदर खोचून त्यांनी हात पुढे केला. “आणि मला एक ब्रश. मी शब्द दिलाय.”

परिचारिकेने वेष्टण फाडून तो नवाकोरा ब्रश त्यांच्या हातात ठेवला.

मग त्या शाळेत जे झालं ते बघण्यासारखं होतं. आजोबा शिडीच्या पायथ्याशी उभे राहून हुकूम सोडत होते. “आधी भिंत पुसा. वरून खाली या. बाई, ब्रश आहे तो, झाडू नाही.” मोठ्या बाई मुकाट्याने ऐकत होत्या. खोलीत माणूस मावेना तेव्हा उरलेल्यांनी खिडक्या धरल्या, मग दारं, मग व्हरांड्यातली बाकं. दाढीच्या ब्रशवाल्या आजींनी खिडकीचे कोपरे असे काढले की आजोबांनी दोनदा जाऊन पाहिलं. पहिला हात वाळेपर्यंत सगळे अंगणात बसले, आणि मावशींच्या भोवती लोक जमले.

“तो डाव्या पायाचा बूट आमचा. गुरुवारी वाचलं आणि मग पलंगाखाली उजवा सापडला.”

“मावशी, दातांचा आकडा चुकलाय. दुसरीत सात. आमचीचा गुरुवारी सकाळी पडला.”

“तो कागदानंतर पडला,” मावशी म्हणाल्या. “पुढच्यात येईल.”

म्हटलं आणि त्यांच्याच लक्षात आलं, आपण ‘पुढच्यात’ म्हणालो. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या उठून उगाचच नळावर जाऊन हात धुऊन आल्या. हात स्वच्छच होते. पलीकडच्या भिंतीला टेकून नवरा डबा खात होता. त्याने फक्त बस थांब्यावर लागल्यासारखी मान हलवली.

तीन वाजता दुसरा हात पूर्ण झाला. खोली फिक्या पिवळ्या रंगाने उजळली होती. दारात कोपरापर्यंत माखलेल्या मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मावशींना जवळ बोलावलं.

“मावशी, मी विचारलं होतं ना, कोण वाचतं म्हणून.”

“हो.”

“चुकलं माझं. कागद चालू ठेवा. फोनवर मी एवढंच टाकत जाईन, दर गुरुवारी: ‘दप्तर बघा.’” मग त्या म्हणाल्या, “या वेळच्या कागदात माझ्या चार ओळी घ्याल? आभाराच्या.”

“बुधवारी बाराच्या आत द्या,” मावशी म्हणाल्या.

सोमवारी छत्तीस पोरं आपल्या वर्गात गेली आणि गाण्याच्या तासाला सभागृहात प्रथमच फक्त गाणारेच गायले. बुधवारी मावशींनी संगणक उघडला, गेल्या वर्षीचा कागद बाजूला सारला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोरं पान घेतलं. सर्वांत वर त्यांनी लिहिलं: ‘गेल्या आठवड्यात कुंपण रंगवण्याची सूचना चुकून छापली गेली. पहिलीचा वर्ग रंगवून झाला आहे. जे आले त्या सर्वांचे शाळा मनापासून आभार मानते. सतरा ब्रश ऑफिसात राहिले आहेत, ओळख पटवून न्यावेत.’ खाली दात. दुसरीत सात.

शेवटची ओळ तपासून त्यांनी छापायला दिलं तेव्हा मोठ्या बाई धावत आल्या. हातात चार ओळींचा कागद होता आणि कोपरावर अजून पिवळा ठिपका.

मावशींनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

“आता पुढच्या आठवड्यात, बाई,” त्या म्हणाल्या, आणि तो कागद त्यांनी जपून पुढच्या आठवड्याच्या फाइलला लावला.