जोड गमावलेला साचा

मी एक जुना सागवानी साचा आहे. फाउंड्रीत मला सगळे पॅटर्न म्हणतात. मित्रांनो, शेतावरच्या पंपाचं गोल लोखंडी पोट तुम्ही पाहिलं असेल. ते माझ्यावरूनच घडायचं. वाळूत मला दाबायचे, अलगद उचलायचे आणि माझा ठसा उमटला की त्यात वितळलेलं लोखंड ओतायचे. नाव व्हायचं पंपाचं, मला कोण विचारतो? असो.

मिरजेच्या इमाम मिस्त्रींनी मला घडवलं, तेही एकट्याला नाही, जोडीनं. मी सांगलीत कृष्णेकाठी दादासोंच्या फाउंड्रीत आलो आणि माझा जुळा भाऊ कराडला कोंडीबांच्या फाउंड्रीत गेला. दोघा मालकांचा तसा शब्दच होता. एकाची भट्टी बंद पडली तर दुसऱ्यानं माल ओतून द्यायचा, पंपाच्या कंपनीचं काम अडू द्यायचं नाही. कैक वर्षं हे सुरळीत चाललं. दादासो माझ्या अंगावरची वाळू स्वतःच्या हातानं झटकत आणि म्हणत, "लय गुणाचा हाय बघा." मी सुखावून जाई.

पुढे कोंडीबा थकले. त्यांनी भट्टी विझवली आणि भावाला टेम्पोनं आमच्याकडे धाडलं. तो कोपऱ्यात पडून राहिला. शिमग्याला गल्लीतली पोरं लाकडं मागायला आली. होळीला लाकूड नाकारायची आमच्याकडे रीत नाही. दादासो म्हणाले, "एक हाय की कामाला. न्ह्या त्यो." त्या संध्याकाळी खिडकीतून मला जाळ दिसला. मी फार रडलो, पण लाकडाचं रडणं कुणाला ऐकू येतं?

इमाम मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "आता ह्याला तरी जपा, दादासो. माझ्या हाताला कंप सुटलाय. दुसरा व्हायचा न्हाई माझ्याच्यानं."

श्रावणात कृष्णेचं पाणी चढू लागलं. माणसांनी मोटारी आणि सगळी लोखंडी अवजारं ट्रॅक्टरमधून हलवली. वाळू चाळणाऱ्या रंगूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आवं, आन् ह्यो?" दादासोंनी मला उंच फळीवर ठेवलं. "लाकडाला कुठं गंज चढतोय? ऱ्हाऊ दे हितंच." जन्म लोखंडात गेलेला माणूस, त्यांना भय गंजाचंच.

पाणी फळीच्याही वर गेलं. मी फुगलो, माझे सांधे उकलले. चिखल काढल्यावर दादासोंनी मला वाळूत दाबून पाहिलं. ठसा वाकडा उमटला. त्यांनी वाळू सारखी करून पुन्हा दाबलं. पुन्हा वाकडाच.

नवा पॅटर्न दुसरीकडून घडवून घ्यायला वेळ लागणार होता. कंपनीनं वाट पाहिली, मग काम बाहेर दिलं. एकाच ठिकाणावर विसंबून तीही पोळली होती. आता ती दोन वेगवेगळ्या गावांतून माल घेते. त्या दोन्हींत आमची सांगली नाही.

आमच्या फाउंड्रीचं सगळं पोट त्या एका कामावर होतं. दादासोंनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. "भट्टी बंद करतोय. माझं चुकलं," ते म्हणाले. रंगूबाईंनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "मग उद्या कवा यायचं?"



मित्रांनो, ज्याच्यावर चार घरं चालतात त्याला जोड ठेवा. ती धूळ खात पडली तर पडू द्या, पण अडगळ म्हणून कुणाला देऊन टाकू नका. माझी जोड पुरापासून दूर, दुसऱ्या गावी जपलेली असती, तर रंगूबाई आज कामावर असत्या.