खटक्याशेजारचा डाग

माझ्या डाव्या बाजूला, भिंतीच्या रंगावर एक गुळगुळीत डाग आहे. दीड वर्षापूर्वी तो अंगठ्याच्या नखाएवढा होता. आता तळहाताएवढा झाला आहे.

मित्रांनो, मी दिव्याचा एक जुना खटका आहे. हल्ली मला बटण म्हणतात. काळा, गोल, मधोमध पितळी दांडी. कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला दोनशे वेळा वरखाली केलं आणि ‘टिकेल हा’ म्हणून टोपलीत टाकलं. माझं तेवढंच कौतुक झालं. त्यानंतर एकतीस वर्षं मी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या अरुंद बोळात आहे.

घरात दोघीच राहतात. आई कपडे शिवते. लेक प्रयोगशाळेत औषधांची वजनं तपासते, दशांश चिन्हापुढच्या चौथ्या घरापर्यंत. बोळातून बाहेर पडताना आई मला वर ढकलते. तिच्या भाषेत त्याला दिवा मालवणं म्हणतात. अलीकडे सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागतो. ‘नव्या सुयांची भोकंच बारीक निघालीत,’ असं ती म्हणते.

चार महिन्यांपूर्वी ती बोळातल्या स्टुलाला अडखळून पडली. ‘स्टूल मधे आलं,’ म्हणाली. लेकीने त्याच दिवशी ठरवलं, हात न लावता लागणारे दिवे घ्यायचे. अशा दिव्यांना हुकूम देणारी एक छोटी पेटी लागते, तिला हब म्हणतात. हब दोन प्रकारचे मिळत होते. एक फोनवरून चालणारा, पण इंटरनेट गेलं की गप्प बसणारा. दुसरा घरातल्या घरात, बोलण्यावर चालणारा, पण ठरावीक शब्दच कळणारा. लेकीने तक्ता केला, रकाने वाढवले, आणि दर रविवारी आईला विचारलं, ‘तुला कुठला सोयीचा?’

‘मला काय करायचंय? माझा खटका आहे की.’

या उत्तरासाठी तक्त्यात रकाना नव्हता. चार महिने गेले.

शेवटी वायरमन दोन्ही पेट्या घेऊन आला आणि त्याने माझ्यासमोर नवा दिवा लावला. आधी फोन आईच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, भलतीकडेच बोट ठेवलं आणि ‘छान आहे’ म्हणून परत केला. जाताना सवयीने मला वर ढकललं. दिव्याची वीजच तुटली, हबला दिवा सापडेना.

‘मावशी, खटका आता कायम चालूच ठेवायचा,’ वायरमन मला खाली ओढत म्हणाला.

‘मग तो भिंतीवर कशाला?’

‘शोभेला.’

‘एवढा काही देखणा नाही तो.’

हे खरं आहे.

मग दुसरी पेटी लावली. आई तिच्याजवळ जाऊन म्हणाली, ‘दिवा मालव.’ दिवा तसाच राहिला.

‘बंद कर म्हणा, मावशी.’

‘बंद दुकान करतात. दिवा मालवतात.’

‘बरं, शिकवता येतो तो शब्द. पण एक काय ते ठरवा.’ वायरमन माझ्याकडे वळला. ‘आणि हा डाग कसला? मोठी पट्टी बसवून झाकू का?’

‘थांबा, पुसते,’ म्हणत लेकीने ओलं फडकं आणलं. दोनदा घासलं. तिसऱ्यांदा तिचा हात थांबला. तिने डागावर आपला तळवा ठेवला. तो बरोबर बसला. तिथून माझ्यापर्यंत बोटं सरकवत आणली. रंग तेवढ्याच वाटेवर झिजला होता.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. जे कळलं ते मी दीड वर्ष भिंतीवर जपून ठेवलं. तुमच्या घरात असा डाग दिसला तर पुसण्याआधी तो कोणाच्या हाताचा आहे, एवढं पाहा. माझी विनंती इतकीच आहे.

‘आई,’ लेक हळू म्हणाली, ‘तू खटका चाचपत शोधतेस?’

आई स्टुलावर बसली. आधी हाताने स्टुलाची कड शोधली, मग बसली.

‘वर्ष होऊन गेलं,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, शिवण बंद करायला लावशील.’

‘सुया बारीक निघाल्या म्हणे.’

‘सुया चांगल्याच आहेत.’ ती वायरमनकडे वळली. ‘भाऊ, तो बोलण्यावर चालणारा ठेवा. ‘मालव’ तेवढं शिकवा त्याला.’ मग लेकीचा हात चाचपून धरत म्हणाली, ‘आणि उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चल.’